लाल टोपी सगळ्यात शेवटी

माझ्या वहिनीशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे मला फार लवकर कळलं. तरी रोज घालतो. तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. सैल झालेली पँट आवळून देणं, कोटाचं अस्तर बदलणं, बिघडलेली चेन काढून नवी बसवणं, असली कामं. त्याच दुकानात दाराशी, कपाटाएवढ्या जागेत, माझं किल्ल्या कापायचं आणि घड्याळं उघडायचं काउंटर. दिवसभर मी पुढे, ती मागे, मधे टांगलेले लोकांचे कोट. त्या कोटांच्या आडून आमचं भांडण चालतं. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, आत रेडिओ लावलाय.

आणि रविवारी ही बाई माणसं गोळा करून समुद्रावर नेते. बोटीतून नव्हे, कयाकमधून. लांब, अरुंद, एका माणसापुरती होडी असते. तिच्या तोंडात पाय घालून बसायचं, दोन्हीकडे पाती असलेलं वल्हं फिरवायचं आणि कंबरेभोवती रबरी कापडाचा घेर त्या तोंडावर घट्ट बसवायचा, म्हणजे पाणी आत येत नाही. या घेरामुळेच ती या नादाला लागली. कोणीतरी फाटलेला घेर शिवायला आणून टाकला. हिने शिवला, आणि गिऱ्हाईक न्यायला आलं तर म्हणाली, "असा नाही देणार. मला आत बसून बघायचंय, टाका टिकतो का." टाका टिकला. ती मात्र तेव्हापासून दर रविवारी पाण्यात. हळूहळू तिच्यामागे चार माणसं लागली, मग आणखी चार, त्यातली काही गळली, काही चिकटली. मी चिकटलेल्यांत. घरचाच माणूस, नाही म्हणून सांगतो कोणाला!

माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, बस डेपोत मेकॅनिक होता. तो पाण्याला घाबरतो. थोडाथोडका नाही, बादलीतलं पाणीसुद्धा डोळे गच्च मिटून अंगावर घेतो. पण होड्यांचा ट्रेलर गाडीला जोडून किनाऱ्यावर नेणार तोच, आणि संध्याकाळी आम्ही येईपर्यंत घडीच्या खुर्चीत दुर्बीण घेऊन बसणार तोच. दुसऱ्या कोणाला त्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावू देत नाही. त्याची एक खूण ठरलेली. वहिनीने उरलेल्या रेनकोटच्या कापडाची एक भडक लाल टोपी शिवलीय, ती सगळ्यात शेवटी येते. लाल टोपी शेवटी दिसली म्हणजे तिच्यापुढचे सगळे शाबूत आहेत. मग दादा दुर्बीण खाली ठेवतो आणि चहाचं पाणी स्टोव्हवर चढवतो.

शेवटी का, तर तो तिचा नियम. शुक्रवारी दुकान बंद झालं की कटिंगच्या टेबलावरचे तुकडे झटकून ती किनाऱ्याचा नकाशा पसरते. एका कोपऱ्यावर कातर, दुसऱ्यावर इस्त्री. भरती कधी, ओहोटी कधी, वारा कुठून, जेवायला कुठल्या वाळूवर थांबायचं, वाटेत कोणाला मळमळलं तर कुठे वळायचं, सगळं शिंप्याच्या खडूने आखायचं. आणि माणसं म्हणजे नकाशावर मांडलेली बटणं. बँकेतला कॅशियर म्हणजे पितळी बटण, कारण त्याला ऐट फार. नर्सबाई शर्टाचं पांढरं बटण. बेकरीवाले नवरा-बायको एका होडीत दोघं बसतात, म्हणून त्यांना प्रेसचं बटण, दोन भागांचं. मी म्हणजे पँटचा वाकडा हुक. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "भाऊजी, आरशात बघा." आणि वहिनी स्वतः म्हणजे ओव्हरकोटचं मोठं काळं बटण.

बटणं लावायची ती अशी, की सगळ्यात हळू माणूस सगळ्यात पुढे. त्याच्या पुढे कोणी जायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी. म्हणजे आपोआप सगळे त्याच्या वेगाने जातात आणि कोणी मागे पडत नाही. शेवटी वहिनी. आणि मागे वळून कोणीही बघायचं नाही, कारण कयाकमध्ये वळून बघणारा नवखा माणूस हमखास उलटतो. "मागचं मी बघते. तुम्ही पुढे बघा," हे तिचं ब्रीदवाक्य. मधून मधून ती शिट्टी वाजवते, सगळं ठीक असेल तर सगळ्यांनी वल्हं वर करायचं, झालं.

ती कोणाच्या तोंडाकडे बघतच नाही. पाठी बघते. जन्मभर लोकांच्या पाठीवर टेप धरलेली बाई ती. कोणाचा डावा खांदा उतरलाय, कोणाचा श्वास वर चढलाय, कोण दमलाय पण लाजून बोलत नाही, सगळं तिला मागून कळतं. एकदा कॅशियर मस्त गप्पा मारत होता, आणि हिने मागून हुकूम सोडला, "पितळी, वळा किनाऱ्याला, तुमची कंबर धरलीय." धरलेली होती.

तर सांगायचं ते असं, की या वर्षी तिचा उजवा खांदा गेला. मला कळलं कारण मी समोर बसतो. वरच्या दांडीवरचे कोट तिने खालच्या दांडीवर आणले. इस्त्री डाव्या हाताने सरकवायला लागली. पाठीमागे हात नेऊन ॲप्रनची गाठ मारायची ती, आता पुढे मारून ॲप्रन गरकन मागे फिरवायची. मी एक दिवस कोट बाजूला सारून विचारलंच.

"वहिनी, खांद्याला काय झालंय?"

"काही नाही."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. आखडलाय. सुटेल म्हणाले, वेळ लागेल."

"दादाला सांगितलंस?"

यावर तिने शिलाई मशीन सुरू केलं. दादाला कळलं तर काय होईल, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तो आरडाओरडा करणाऱ्यांतला नाही. गुपचूप गाडीची किल्ली खिशात घालेल आणि म्हणेल, बास. किल्लीचं काय, दुसरी मी चुटकीसरशी कापून दिली असती. पण गाडी दादाची, ट्रेलर दादाचा, आणि दादा किनाऱ्यावर नसेल तर वहिनी पाण्यात उतरत नाही. म्हणजे रविवार संपला. फक्त तिचा नाही, सगळ्यांचा. नर्सबाई आठवडाभर वॉर्डात जे बघते ते धुऊन टाकायला येते. बेकरीवाले एरवी पीठ आणि भट्टी सोडून एकमेकांशी दुसऱ्या विषयावर बोलत नाहीत, ते होडीत हसतात. आणि वहिनी? तिच्याकडून रविवार काढून घेतला तर उरलेले दिवस तिने कशाच्या जिवावर काढायचे?

"टोकाला वळसा घालून येऊ द्या एकदा," ती म्हणाली. "मग सांगते त्यांना. तोवर तुम्ही तोंडाला चेन लावा, भाऊजी. हवी तर मी बसवून देते."

टोक म्हणजे आमच्या खाडीच्या पलीकडे समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड. त्याच्या मागे एक लहानशी वाळू आहे, पायवाट नाही, पाण्यानेच जायचं. नकाशावर ती दरवर्षी खडूने तिथवर रेघ मारायची आणि दरवर्षी वारा नाहीतर पाऊस नाहीतर माझी सर्दी आडवी यायची. या शुक्रवारी सगळं जुळलं. ओहोटीबरोबर जायचं, भरतीबरोबर यायचं. एकच अट, दुपार कलली की जमिनीवरून वारा सुटणार, त्याच्या आत खाडीचं तोंड ओलांडून घरी. तिने बटणं लावली. सगळ्यात पुढे एक नवं, फिकट निळं. ही लायब्ररीवाली मुलगी, नुकतीच आलेली, वल्हं असं धरायची जणू ते कोणाचं तरी उसनं आणलंय. मग बाकीचे, मग हुक, आणि शेवटी काळं बटण. मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

रविवारी काय दिवस निघाला होता म्हणता! पाणी इतकं गप्प की वल्ह्याचे थेंब पडलेले ऐकू यावेत. दादाने एकेकाचं लाइफ जॅकेट ओढून बघितलं, वहिनीचं दोनदा, आणि खुर्ची मांडली. ओहोटीने आम्हाला अलगद नेलं. कड्याखाली पाणी हिरवंगार, तळातले दगड दिसत होते. पाणकावळे खडकावर पंख पसरून वाळत बसलेले. कॅशियर म्हणाला, "आमच्या ब्रँचमध्ये अगदी अशीच तीन माणसं आहेत." बेकरीवालीला हसण्याची उबळ आली, होडी डुगडुगली, नवरा ओरडला, ती आणखी हसली. मागून शिट्टी, सगळ्यांची वल्ही वर. मी तिची शिट्टी ऐकली की निर्धास्त व्हायचो. आमच्यातला प्रत्येक जण व्हायचा.

टोकाला वळसा घातला आणि ती वाळू समोर आली. सगळ्यांची वल्ही आपोआप थांबली. वहिनी होडीतून उतरली, डाव्या हातावर जोर देऊन, माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि नुसती उभी राहिली. ब्रेड, उकडलेली अंडी, बेकरीवाल्यांनी आणलेला केक, थर्मासमधला चहा. खाणं झालं. एरवी ही बाई दुसरा कप संपवू देत नाही. उठा, पाणी फिरतंय, वारा तुमच्यासाठी थांबणार नाही, असा तगादा. आज म्हणाली, "बसू या अजून जरा." सगळे खूश. मी नाही. तिचा हात तिने मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कोणाची वस्तू सांभाळायला घेतल्यासारखा.

"वहिनी, निघू या."

"बसा हो. कधी नव्हे ते आलोय."

निघालो तेव्हा कड्याच्या आडोशाला काहीच कळलं नाही. शेवटचा खडक सुटला, खाडीचं रुंद तोंड उघडं पडलं आणि डाव्या बाजूने, जमिनीवरून, वारा असा आदळला की माझी टोपी गेली. लाटा फार नव्हत्या, पण ढकलणं चालू होतं, सारखं, उजवीकडे, समुद्राच्या बाजूला. पुढे लायब्ररीवाली मात्र आज पेटली होती. मान खाली, हात जोरात, सकाळपासून शिकत शिकत तिला ताल सापडला होता, आणि ती चांगलीच वेगाने निघाली. तिच्या वेगाने सगळे निघाले. नियमच तसा. सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने आम्ही चाललोय, मग मागे कोण पडणार? हा प्रश्न आमच्यातल्या एकालाही पडला नाही. बारा गावचं पाणी प्यायलेली माणसं आम्ही, पण आमचा नियम आमच्या डोळ्यांवर पट्टीसारखा बसलेला.

मला जाणवलं ते एवढंच, की बराच वेळ शिट्टी नाही. आणि माझ्या मागे वल्ह्याचा आवाज नाही.

मागे बघायचं नाही. मी बघितलं.

ती खूप लांब होती. लाल टोपी लाटेआड जायची, परत दिसायची. उजवा हात उठतच नव्हता. डाव्याने ती ओढत होती आणि प्रत्येक ओढीला होडीचं नाक उजवीकडे वळत होतं, खुल्या समुद्राकडे. गळ्यात शिट्टी होती तिच्या. वाजवत नव्हती. मला इतका राग आला, इतका राग आला, की भीती वाटायला जागाच उरली नाही. माझी शिट्टी जॅकेटच्या खिशात कित्येक वर्षं पडून होती. फुंकली तर नुसती वाळू आणि फुस्स. मग मी देवाने दिलेला गळा वापरला. कोटांच्या आडून इतकी वर्षं केलेली तालीम कामी आली.

"थांबाऽऽ! सगळे वळा! खडकाच्या आडोशाला! वळाऽऽ!"

आणि स्वतः उलटा निघालो. तिच्याजवळ पोचलो, तिच्या होडीची कड धरली.

"पुढे बघायचं सांगितलंय ना तुम्हाला?" ती म्हणाली. ओठ पांढरे पडलेले, पण तोरा तोच.

"पुढे बघून बघून मान अवघडली माझी. शिट्टी काय शोभेला घातलीस?"

"मी आले असते हळूहळू."

"हो, त्या बाजूने पृथ्वीला प्रदक्षिणा घालून!"

ती हसली नाही. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, आणि ते समुद्राचं नव्हतं. "भाऊजी, मागची मीच राहिले तर बाकीच्यांचं कोण बघणार हो?" एवढंच म्हणाली.  

मी तिची होडी ओढत ओढत खडकाच्या आडोशाला आणली. सगळे तिथे एकमेकांच्या होड्यांना धरून थांबलेले. आता सांगावंच लागलं. नर्सबाईने तिथल्या तिथे खांदा दाबून बघितला आणि म्हणाली, "ताई, दोरी लावून नेऊ या तुम्हाला." वहिनीने तिच्याकडे असं बघितलं की दोरी परत गेली.  प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट, आणि ती बोलायची छाती कोणाची नाही. माझीसुद्धा नाही.

लायब्ररीवाली नवी होती. तिला आमचे संकोच ठाऊक नव्हते, फक्त नियम ठाऊक होता. तिने अगदी साधेपणाने विचारलं, "काकू, मग आता तुम्ही पुढे ना?"

 वहिनी त्या मुलीकडे बघत राहिली. मग तिने टोपी डोक्यावर नीट दाबली, घेर ओढून ताणून घेतला आणि म्हणाली, "व्हा बाजूला. वाट द्या."

नर्सबाई तिच्या डाव्या अंगाला, वारा अडवत. "हात वर उचलू नका ताई, खालून, कमरेतून वळा." "मला शिकवतेस?" असं वहिनी म्हणाली, पण वळली कमरेतूनच. वल्हं हनुवटीच्या खाली, छोटे छोटे हात मारत. आणि आम्ही सगळे तिच्या मागे, तिच्या वेगाने. शेवटी मी. फार वेळ लागला. पण मधेच काहीतरी बदललं. तिची पाठ सैल झाली. मला शेवटून दिसत होती ती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उजवा खांदा वर चढलेला, तो हळूहळू खाली आला. तिने वल्हं थांबवलं, क्षणभर तशीच बसली, आणि मागे न बघता ओरडली, "भाऊजी, समोर कोणीच नाही हो! नुसतं पाणी!"

तिने आजवर समुद्र बघितला होता तो आमच्या पाठींच्या फटीतून.

किनारा दिसायला लागला तेव्हा दादा खुर्चीत नव्हता. पाण्याच्या काठाशी उभा, दुर्बीण डोळ्याला. मला आधी कळेना, हा असा का उभा आहे. मग दुर्बीण वाळूत पडली आणि हा माणूस, बादलीला घाबरणारा माझा भाऊ, बूट-मोजे-पँटसकट समुद्रात शिरला. गुडघाभर. मांडीपर्यंत. लाट आली, तोल गेला, सावरला, पुढेच येत राहिला. कंबरभर पाण्यात त्याने वहिनीच्या होडीचं नाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"मागे कोण राहिलं?" तो म्हणाला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "सांग. कोण राहिलं मागे?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लाल टोपी शेवटी असते. लाल टोपी पुढे आली, तर मागे कोणीतरी राहून गेलंय, याशिवाय दुसरा अर्थ त्याला माहीतच नव्हता.

"अहो, कोणी नाही राहिलं," वहिनी म्हणाली. "सगळे आलेत. मोजा."

त्याने मोजले. परत मोजले. मग म्हणाला, "मग तू पुढे का?"

बनवून सांगायला तिला हजार गोष्टी येतात. एकही सांगितली नाही. "माझा खांदा गेलाय," ती म्हणाली. "तुमच्यापासून लपवला. आता मी सगळ्यात हळू आहे."

मी मनात म्हटलं, संपलं. आता बास म्हणणार. दादा तिच्या खांद्याकडे बघत राहिला, मग खाली स्वतःकडे.

"मी पाण्यात आहे," तो म्हणाला.

"हो ना. कंबरेपर्यंत. चला आता बाहेर, गारठाल."

"थांब. तुला उतरता येणार नाही एका हाताने." आणि त्याने होडी तशीच धरून, एकेक पाऊल चाचपत, मागे मागे चालत तिला किनाऱ्याला आणली.  

चहा त्या दिवशी नर्सबाईने केला. आता दादा गाडीची किल्ली खिशात घालणार, या धास्तीने आठवडाभर मी किल्ल्या वाकड्या कापल्या. शुक्रवारी दुकान बंद झालं, नकाशा पसरला, तर दादा आत आला. या टेबलाशी तो आजवर कधी उभा राहिला नव्हता. त्याने काळं बटण उचललं आणि सगळ्यात पुढे ठेवलं. मग विचारलं, "शेवटी कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझी मान अवघडलीय, माझी शिट्टी बंद आहे, आणि मला लोकांच्या पाठी बघायची हौस नाही. वहिनीने ऐकूनच घेतलं नाही. वाकडा हुक शेवटी सरकवला आणि एक नवी शिट्टी माझ्यापुढे टाकली.

आता मी मागचं बघतो. कॅशियर दमला की आधी त्याचं डोकं डावीकडे कलतं, बेकरीवाल्यांत ती आधी दमते पण तो आधी थांबतो, आणि वहिनीचा खांदा वर चढला की मी शिट्टी मारतो. ती पुढून ओरडते, "कळलं!" आणि तशीच जात राहते. लाल टोपी सगळ्यात आधी किनाऱ्याला लागते. आणि दादा खुर्चीतून उठतो, बूट काढतो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडतो, डोळे गच्च मिटतो आणि तिला उतरवून घ्यायला पाण्यात जातो.